मिरचीवाल्या आत्याचं फ्रेंच

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कुणालाही विचारा, रंगूबाई मिरचीवाली गप्प बसलेली कधी बघितलीय काय? तोंडावर हसतील. माझा नवरा नागोजी धान्याच्या बाजारात हमाल होता. तो म्हणायचा, "रंगे, तू झोपेतसुद्धा भाव करतेस." तो जाऊन आता बारा वर्षं झाली, पण माझं तोंड काही थांबलं नाही. मिरची विकायची म्हणजे तोंड पाहिजेच की. ती लाल असून भागत नाही, लाल आहे हे दिवसभर ओरडून सांगावं लागतं. तर असल्या बाईला आयुष्यात एकदाच गप्प बसायचं होतं. एकदाच! आणि गप्प बसले असते तर काय पदरात पडलं असतं ते ऐकलंत, तर तुम्हीच म्हणाल, अगं भवाने, तोच पदर तोंडात कोंबायचा होतास!

माझा धाकटा भाऊ सिद्राम. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. त्याची बायको लक्कव्वा, आणि लेक इंदुमती. जुन्या हुबळीत एकाच गल्लीत आमची घरं, मधे चार दारं. इंदू जन्मली तेव्हा तिच्या हातात मनगट्या मी घातल्या आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "ही माझी सून." आमच्याकडे भावाच्या लेकीवर आत्याचा पहिला हक्क. आत्यानं मागणी घातली की भाऊ नाही म्हणत नाही. म्हटलं तर गल्लीतून मान खाली घालून जावं लागतं. माझा सत्याप्पा तेव्हा सहा वर्षांचा, नाक ओढत बाजूला उभा होता. त्याला कोण विचारतंय?

हक्काचं राहू द्या, मला ती पोरच पाहिजे होती. नवरा गेला, सत्याप्पा बेळगावला छापखान्यात खिळे जुळवायला गेला, मग घरात माझ्याशी बोलणार कोण, चूल? इंदू रोज दिवे लागायच्या वेळेला यायची. मिरच्यांनी हाताची आग आग व्हायची माझ्या, ती खोबरेल चोळून द्यायची. मी बाजारातल्या बायकांची नक्कल करायची, ती पोट धरून हसायची. ती उठून गेली की घर खायला यायचं. वाटायचं, ही कायमची कधी येईल ग माझ्या घरात?

आणि ही बया पी.यू.सी., म्हणजे बी.ए.च्या आधीची परीक्षा, पास झाली! गल्लीतली पहिली पोरगी. सिद्राम पेढे घेऊन दारोदार नाचत फिरला. मीसुद्धा खाल्ले, चार खाल्ले, आणि मनात म्हटलं, झालं, शिकली एकदाची, आता मांडव घाला. तर ती म्हणते, बी.ए. करणार.

त्यात दुसरी भाषा म्हणून एक विषय घ्यावा लागतो. पहिल्या दिवशी ती संस्कृतच्या वर्गात जाऊन बसली. संध्याकाळी आली ती पाय आपटत.

"आत्या, त्या वर्गात पोरं वीस होती, पण त्यांचे आजे-पणजे धरले तर दोनशे बसले होते बघ. मास्तरांनी श्लोक अर्धा म्हटला की पुढचा अर्धा सगळ्यांना घरूनच पाठ. मी आपली तोंडाकडे बघत बसले."

"मग?"

"मग उठले आणि फ्रेंचच्या वर्गात गेले. तिथं नऊ जण. आत्या, एकाचा तरी आजा फ्रेंच बोलत असेल तर शपथ! सगळे सारखेच अडाणी. मला लई आवडलं."

मला मनातनं पटलं. पण मी कशाला कबूल करते? म्हटलं, "फ्रेंच शिकून मिरच्या काय पॅरिसला पाठवणार हायस?"

मी सरळ भावाच्या घरी गेले आणि खाट अडवून बसले. "सिद्राम, माझा हक्क दे." सिद्राम बिचारा दोन्हीकडनं पकडला गेला. एका बाजूला लेक, एका बाजूला अक्का. डोकं खाजवून खाजवून त्यानं तोड काढली. पहिल्या वर्षी इंदू सगळ्या विषयांत पास झाली तर बी.ए. पुरं होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. एका जरी विषयात नापास झाली, तर मे महिन्यात सत्याप्पाशी लग्न. लक्कव्वानं सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. इंदूनंसुद्धा खाल्ला, माझ्याकडे बघून जीभ काढून दाखवत.

सत्याप्पा तेव्हा चोवीस वर्षांचा. तीन वर्षं थांबणार थोडाच? म्हणजे ती पास झाली की माझी सून गेली. हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. आणि बाकी सगळ्या विषयांत पोरगी धडधड पळणार हेही माहीत होतं. माझी आशा काय ती एका फ्रेंचवर.

देवानं, म्हणजे आम्ही देव सोडला सत्तावन साली दीक्षा घेतली तेव्हा, पण तोंडाची सवय जात नाही बघा, तर कुणीतरी माझं ऐकलं. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत इंदूचं तोंडच उघडेना. त्यांचे फ्रेंचचे सर बाळाचार्य म्हणून, धारवाडचे. घर पिढ्यान्पिढ्या संस्कृताचं, पण हे तरुणपणी पाँडिचेरीला नोकरीला राहिलेले, तिथनं फ्रेंच घेऊन आले. कपाळाला गंध आणि तोंडात फ्रेंच. त्यांनी इंदूला विचारलं तर ती ओठ हलवते, आवाज नाही. शंभरातले चाळीस गुण तोंडीचे, त्यातले तिला मिळाले तीन. ते तीन कशाचे, तर म्हणे उभी नीट राहिली म्हणून.

त्या दिवशी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी थोपटत होते आणि वरनं म्हणत होते, "नको रडू, बाळा." आणि आतनं? आतनं मी मांडवाला किती बांबू लागतील ते मोजत होते. काय करू, होते मी तशी.

ती घरी पुटपुटत पाठ करायची. एका खोलीत सगळं घर, मोठ्यानं म्हणायची लाज. मला एक युक्ती सुचली. म्हटलं हिला चारचौघांत मोठ्यानं म्हणायला लावावं, बायका फिदीफिदी हसतील, आणि ही वही चुलीत घालेल. आमच्या विहारात रोज संध्याकाळी वंदना असते. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागनं म्हणायची. तर एकदा वंदना आटोपल्यावर मी गोड आवाजात म्हटलं, "इंदे, ओठातल्या ओठात काय करालीस? इथं उभी राहा आणि मोठ्यानं म्हण. आम्ही मागनं म्हणतो."

पंधरा बायका होत्या. इंदू लाजून लाल झाली. डोळे मिटले आणि म्हणाली, "झ स्वी."

आमची सवय वंदनेची. ओळ कानावर पडली की तोंड आपोआप उघडतं. पंधरा बायका एका सुरात, "झ स्वीऽऽ."

"त्यू ए."

"त्यू एऽऽ."

हसायचं कुणाला सुचलंच नाही हो! शेवटापर्यंत म्हटलं आणि वर कोपऱ्यातली म्हातारी कृष्णाबाई विचारते, "संपलं? एवढंच? अजून घाल की!" इंदूनं अर्थ सांगितला: मी आहे, तू आहेस, तो आहे. कृष्णाबाई म्हणाली, "चांगलं आहे. एवढं कळलं तरी पुष्कळ." माझी युक्ती माझ्याच गळ्यात आली.

मग काय, रोज वंदना आणि रोज फ्रेंच. पोरीचं तोंड असं सुटलं म्हणता! आणि आम्हा बायकांना तर येडच लागलं. नळावर हंडे लावताना "सा वा?" विचारायचं, म्हणजे बरं आहे का. त्यावर "कॉम सी, कॉम सा" म्हणायचं, म्हणजे आहे आपलं असं तसं. माझ्या मिरचीला गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की मी "आ नोऽऽ मसिय!", म्हणजे छे हो साहेब, म्हणून अशी ओरडायची की तो दचकून पैसे देऊन मोकळा. शेजारचा लसूणवाला विचारी, "रंगूबाई, ही कुठली शिवी?" मी म्हणायची, "परदेशी आहे, तुला झेपायची नाही."

आणि ती भाषा तरी कसली, काय सांगू! मला भूक लागली असं ती माणसं म्हणतच नाहीत. "झे फँ", म्हणजे माझ्यापाशी भूक आहे. म्हटलं, जशी काय पिशवीत घालून आणलीय! 'जाणे' म्हणून एक क्रियापद आहे. झ वे, त्यू वा, इल वा, इथपर्यंत ठीक, मग एकदम नूझालों. मी म्हटलं, ह्या एका घरात राहणाऱ्या माणसांचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत ते कसे? लक्कव्वा म्हणाली, "वन्सं, सुना असतील वेगवेगळ्या गावच्या." आणि कहर म्हणजे मिरची. त्यांच्यात मिरची पुल्लिंगी! तो मिरची! मी हातातलं सूप खाली ठेवलं. म्हटलं, "इंदे, तुझ्या सरांना सांग, त्या देशात मिरची कुणी चावून बघितलेली नाही."

एका गोष्टीला मात्र मी मानलं त्यांना. झालेल्या गोष्टीचे त्यांच्यात दोन काळ आहेत. एकदा घडली आणि संपली तिला एक. घडत असायची, रोजची होती, तिला दुसरा. इंदू समजावत होती. "आला" वेगळं आणि "यायचा" वेगळं. मी म्हटलं, "मग तुझ्या मामाचं सांग. नागोजी हसायचा."

"इल रीये."

"आणि मेला?"

तिनं वही मिटली. "इले मोर."

मी दोन्ही म्हणून बघितली. बरोबर होतं. मेला ते एकदाच मेला, एका दुपारी, पोत्याखाली. पण हसायचा ते कुठं संपलंय? त्या रात्री मला खूप आठवण आली त्याची, आणि बरंही वाटलं. इतक्या लांबच्या माणसांनासुद्धा हे माहीत होतं म्हणायचं.

असं करता करता मार्च आला. परीक्षेला आठवडा राहिला असेल. इंदू दुकानावर माझ्यापाशी बसली होती, मिरच्यांचे देठ काढत. मध्येच म्हणाली, "झ वे." मी गिऱ्हाईक करत होते, मागनं म्हटलं नाही. वजन झालं, पैसे घेतले, सुटे दिले. वळून बघते तर पोरगी तशीच. तोंड अर्धं उघडं, डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, "झ वे." की लगेच ती, "त्यू वा." आणि परत थांबली.

कुणी मागनं म्हटल्याशिवाय तिला पुढची ओळ सुचतच नव्हती! येत सगळं होतं, पण घोडं अडून उभं. परीक्षेत तिच्या मागं म्हणायला कोण असणार? बाळाचार्य?

सांगायला पाहिजे होतं मी. तिथल्या तिथं सांगायला पाहिजे होतं, की पोरी, एकटीनं म्हणायची सवय कर, आठ दिवस आहेत. नाही सांगितलं. तिला कळलं नव्हतं, लक्कव्वाला कळलं नव्हतं. मला एकटीला कळलं होतं, आणि मी देठ काढत बसले. मोठ्या तोंडाच्या बाईनं नेमकं तेवढं पोटात ठेवलं. काय म्हणायचं ते म्हणा मला.

तोंडी परीक्षा धारवाडला होती. लक्कव्वाला कामावर सुट्टी मिळेना, सिद्राम ड्यूटीवर, म्हणून सोबत मी. गल्लीतल्या सगळ्या बायका बसला चढायला निघाल्या होत्या, कंडक्टरनं हात जोडले. मी पाटीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो मिरच्या घेतल्या. बसल्या बसल्या देठ तरी काढून होतील.

परीक्षेची खोली खालच्याच मजल्यावर. खिडकी उघडी. मी बाहेर खिडकीखाली पायरीवर बसले, पाटी मांडीवर घेऊन. आत बाळाचार्य सर, आणि पाँडिचेरीहून आलेल्या परीक्षक बाई. पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा, जाड भिंगाचा चष्मा. आधीची पोरं गेली आणि आली. मग इंदूचं नाव.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाईंनी काहीतरी विचारलं. त्यातलं "आले" एवढं मला कळलं, म्हणजे आपलं 'जाणे'च. म्हटलं, वा, पोरीला सगळ्यात पाठ असलेलं आलं.

"झ वे," इंदू म्हणाली. स्पष्ट, खणखणीत.

आणि थांबली.

मी देठ काढायची थांबले. आत सगळं शांत. बाई वाट बघत होत्या, सर वाट बघत होते, आणि इंदू मागनं कुणी म्हणायची वाट बघत होती. मी मनाला म्हटलं, रंगे, गप्प. तोंड उघडू नकोस. सून चालत चालत घरी येतेय तुझ्या. मे महिन्यात मांडव. रोज संध्याकाळी ती तुझ्या घरात, सकाळी पण, कायमची. तुला काही करायचं नाही. नुसतं बसायचंय. आयुष्यात एकदा गप्प बस, बाई.

सरांचा आवाज आला, "पुढं?" इंदूचा आवाज नाही. मला ती दिसत नव्हती, पण तिचे डोळे दिसत होते, दुकानावरच्यासारखे माझ्याकडे लावलेले. बाईंनी टाक उचलल्याचा आवाज आला. कागदावर काहीतरी लिहायला लागल्या असतील.

ओळ अधांतरी लोंबत होती हो! माझी पोर तिथं एकटी उभी, आणि मागं कुणी नाही!

"झ वेऽऽ!" मी ओरडले.

आणि साधी नाही ओरडले. दुर्गदबैलात ह्या टोकाच्या गिऱ्हाइकाला त्या टोकाहून बोलवायचा जो आवाज असतो, त्या आवाजात. पायरीवरची कबुतरं उडाली. मिरच्यांची पाटी उलटी झाली.

"त्यू वा!" आतनं इंदू.

"त्यू वाऽऽ!" बाहेरनं मी.

"इल वा!"

"इल वाऽऽ!"

गाडी सुटली ती सुटलीच. नूझालों, वूझाले, इल वों, धडाधड! मग बाळाचार्य खिडकीत. चेहरा माझ्या मिरचीपेक्षा लाल. "यारिवरु? कोण आहे ही? कॉपी! ही धडधडीत कॉपी! गुण शून्य!"

शून्य म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. "ओ सर, कॉपी कशाला म्हणतात ते आधी शिका! कॉपी आधी सांगतात, मी मागनं म्हणतेय! पोरीनं म्हटलं ते मी म्हटलं. कॉपी केलीच असेल तर मी तिची केलीय. मला द्या शून्य!"

सरांच्या मागनं परीक्षक बाईंचा हसण्याचा आवाज आला. त्यांनी सरांना विचारलं, सरांनी कपाळ पुसत सांगितलं, आणि बाईंनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली. माझ्या हाताला मिरच्या, पदराला मिरच्या. सरांना शिंक आली.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कोमां ताले वू, मादाम?"

मी ऐटीत म्हटलं, "कोमां ताले वू, मादाम?"

त्या परत हसल्या. कशा आहात असं विचारलं होतं, उत्तर द्यायचं होतं म्हणे. असेल. आम्हाला मागनं म्हणायचं शिकवलंय. बाईंनी इंदूला सांगितलं की ह्या तुझ्या कोण, ह्यांच्याबद्दल बोल. मनानं बोल. इंदूनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. ती एकेक वाक्य बोलत गेली आणि मी मागनं म्हणत गेले. "मा तांत वां दे पिमां," म्हणजे माझी आत्या मिरच्या विकते, हे कळलं. मी ठसक्यात म्हटलं. चार-पाच वाक्यांनी तर सरांचेसुद्धा ओठ हलायला लागले. मी बघितलं की!

मग इंदूनं खोल श्वास घेतला. "सी झेशू, झिरे शेझेल."

"सी झेशू, झिरे शेझेल!" मी म्हटलं. पुढं होणाऱ्या गोष्टींचा काळ होता तो. तो माझा कच्चा.

"झ सरे सा बेलफीय."

"झ सरे सा बेलफीय!"

परीक्षक बाईंच्या हातातला टाक थांबला. त्यांनी इंदूकडे बघितलं, मग माझ्याकडे. सरांना काहीतरी विचारलं. सर एकदम मऊ आवाजात मला म्हणाले, "बाई, तुम्ही आत्ता काय म्हणालात ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

"नाही. पोरगी म्हणाली म्हणून म्हटलं."

"ती म्हणाली, मी नापास झाले तर हिच्या घरी जाईन. मी हिची सून होईन."

मी इंदूकडे बघितलं. ती खाली बघत होती. बाई आता हसत नव्हत्या. त्यांनी जे विचारलं ते सरांनी मराठीत सांगितलं: "त्या विचारतात, तुम्ही गप्प बसला असता तर ही नापास होत होती. तुम्हाला सून मिळत होती. मग मध्ये बोललात कशाला?"

कशाला म्हणजे काय? रडूच यायला लागलं मला, आणि राग पण आला. म्हटलं, "सांगा त्यांना. मला ही पाहिजे होती. अजून पाहिजे. पण मला बोलणारी पाहिजे होती. इथं गप्प उभी राहून माझ्या घरी आली असती ना, तर जन्मभर गप्पच राहिली असती. मी काय भिंतीला सून म्हणू?"

सरांनी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. सांगताना मध्ये एकदा अडखळले. बाईंनी चष्मा काढून पुसला, इंदूला म्हणाल्या की आता दहा ओळी एकटीनं म्हण, आत्यानं तोंडावर हात ठेवावा. मी दोन्ही हात ठेवले. मिरच्यांचे हात! डोळ्यांतनं पाण्याच्या धारा, नाकातनं धारा, आणि पोरगी म्हणत गेली. थांबली नाही. एकदाही थांबली नाही. दहा म्हणता पंधरा ओळी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. वाटेतलं नवलूर गाव मागं पडलं आणि तिनं विचारलं, "आत्या, मी येऊ तुझ्या घरी? पास झाले तरी येते. करते मी सत्याप्पाशी लग्न. खरंच."

खरंच म्हणत होती. मी नुसती "ये" म्हटली असती तर आली असती. म्हणूनच म्हटलं नाही. म्हटलं, "चल हट, आगाऊ. अभ्यास टळतो म्हणून लग्न करायला निघालीस होय?" आणि खिडकीकडे तोंड केलं. डोळे तसेही मिरचीनं लालच होते.

त्याच संध्याकाळी सिद्रामच्या घरी गेले. निकालाची वाट बघितली नाही. म्हटलं, "सिद्राम, तुझ्या लेकीवरचा माझा हक्क मी सोडला. पास होऊ दे नाहीतर नापास. तिला शिकव." लक्कव्वानं माझे पाय धरले, सिद्राम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला आपलं वाटलं, केवढा मोठा त्याग केला मी! घरी येऊन पोटभर रडले, आणि सत्याप्पाला पत्र लिहून घेतलं की बाळा, आईला माफ कर.

चार दिवसांत त्याचं उत्तर. पोरगं लिहितंय, "अव्वा, लई बरं केलंस. छापखान्यात पुस्तकं शिवायला इथल्या मास्तरांची लेक वत्सला येते. आमचं जमून दोन वर्षं झाली. तुझ्या भीतीनं बोललो नाही." घ्या! दोन वर्षं! माझ्या पोटचा पोरगा, आणि तोंड उघडायला दोन वर्षं! मी ते पत्र गल्लीत तीनदा वाचून घेतलं आणि तीनदा त्याला शिव्या घातल्या. हसून हसून बरगड्या दुखल्या.

जूनमध्ये निकाल लागला. मी दुकानावर होते. लॅमिंग्टन रोडच्या बाजूनं इंदू पळत येताना दिसली, हातगाड्यांतनं वाट काढत, ओढणी एकीकडे, चप्पल एकच. मला काही विचारावं लागलं नाही. तिनं येऊन मला मिरच्यांच्या पोत्यासकट मिठी मारली. फ्रेंचमध्ये बासष्ट! लसूणवाल्यानं आपला तराजू वाजवला.

मग तिनं पदराआडून, म्हणजे त्या ओढणीतनं, एक फॉर्म काढला. दुसऱ्या वर्षाला नाव घालायचा. पालकाची सही पाहिजे होती, आजच द्यायचा होता, आणि सिद्राम रात्रपाळी करून झोपलेला. "तू कर," म्हणाली. मला सही कुठली येते? तिनं माझा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. त्याच्याखाली एक रिकामी ओळ होती.

"आत्या, इथं नातं विचारलंय. काय लिहू?"

पेन धरून ती माझ्याकडे बघत बसली. आमच्या भोवती अख्खं दुर्गदबैल ओरडत होतं.

मी म्हटलं, "आत्या लिही की. तेवढं लई झालं मला."